तह, दगा आणि चौथी सीट

माणसांनी एकमेकांचा केसाने गळा कसा कापावा याचे रीतसर नियम ज्याने लिहून ठेवले, तो माणूस पुढे पोस्टमन झाला. ॲलन कॅलहॅमर त्याचं नाव. हार्वर्डात शिकलेला. १९५४ मध्ये त्याने 'डिप्लोमसी' नावाचा पटावरचा खेळ रचला. कुणी छापायला घेईना, म्हणून १९५९ मध्ये पदरमोड करून ५०० प्रती काढल्या. नंतर इलिनॉय राज्यातल्या ला ग्रेंज पार्क नावाच्या गावात तो वर्षानुवर्षं घरोघर टपाल वाटत राहिला आणि २०१३ मध्ये वारला. आपल्याकडे एवढी बुद्धी असलेला माणूस पोस्टात गेला नसता. तो जिल्हा बँकेच्या संचालकपदाला उभा राहिला असता आणि बिनविरोध निवडून आला असता.

खेळ थोडक्यात असा. साल १९०१, युरोपचा नकाशा. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान अशा सात सत्ता, सात खेळाडू. नकाशावर ३४ मोक्याची ठाणी, त्यातली १८ ज्याच्या हातात आली तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, त्यामुळे हरल्यावर नशिबाला बोल लावायची सोय नाही. सगळ्यांचं बळ जवळपास सारखं असल्याने एकट्याने कुणालाच पुढे सरकता येत नाही. कुणाचा तरी टेकू लागतो. मग आधी बोलणी होतात. कोपऱ्यात, जिन्यात, मोरीच्या दाराशी. त्यानंतर प्रत्येकाने आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे आणि सगळ्यांचे कागद एकाच वेळी उघडायचे. मघाशी खांद्यावर हात टाकून 'मी आहे ना तुझ्यामागे' म्हणालेला माणूस नेमका कशासाठी मागे होता, हे त्या क्षणी कळतं. दिलेला शब्द पाळावा असा नियम नाही. पाळू नये असाही नाही, आणि खेळाची सगळी गंमत या दुसऱ्या वाक्यात आहे. हेन्री किसिंजर यांचा हा आवडता खेळ होता असं सांगतात. त्याबद्दल कुणाला आश्चर्य वाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

सात रिकामे लोक एका दुपारी एका टेबलाशी जमवणं अमेरिकेतही अवघडच. म्हणून १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमन नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने हा खेळ टपालाने खेळायची सोय केली. त्यासाठी 'ग्राउस्टार्क' नावाचं पत्रक काढलं. हुकूम पंचाकडे पाठवायचे, पंच सगळ्यांचे हुकूम ताडून निकाल छापणार, तो टपालाने परत येणार. एकेका फेरीला काही आठवडे, एका डावाला वर्ष-दोन वर्षं. टेबलाशी झालेला दगा चहाबरोबर विरघळतो. टपालातल्या दग्याला मात्र आठवडेच्या आठवडे मुरायला मिळतात. शिवाय एकाच रात्री 'प्रिय मित्र फ्रान्स' आणि 'प्रिय मित्र जर्मनी' अशी दोन पत्रं लिहायची, दोघांनाही दुसऱ्याविरुद्ध मदतीचं वचन द्यायचं, आणि पाकिटं बदलणार नाहीत एवढी काळजी घ्यायची. एरवी लग्नपत्रिकांवर पत्ते घालताना सुद्धा आपल्याला हे जमत नाही.

टपालाने राजकारण करणं मराठी माणसाला नवं नाही म्हणा. राघोबादादांच्या विरुद्ध बारभाई जमले ते काही एका खोलीत बसून पत्ते पिसत नव्हते. जासूद धावत होते, खलिते जात होते आणि मधल्या मधे वाचलेही जात होते. पानिपतावर काय झालं हे नानासाहेब पेशव्यांना कळलं ते एका सावकारी पत्रातून. त्यामुळे अमेरिकेतल्या पोस्टमनने आपल्याला नवं काही शिकवलं असं समजायचं कारण नाही. त्याने फक्त पट छापला. पटाशिवाय हा खेळ मध्य रेल्वेवर रोज सकाळी चालतो, आणि त्यातल्या तीन बलाढ्य सत्ता म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर.

आधी भूगोल. सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अवघं दहा किलोमीटरचं साम्राज्य. पण तिन्ही दरबारांची शान वेगवेगळी. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून उभं केलेलं शहर. नाव १९४९ मध्ये मिळालं, पण पत्ता अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात, म्हणजे सैन्य कधीही हलू शकेल अशी व्यवस्था. अंबरनाथकडे १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे आणि दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, म्हणजे देवही आहे आणि तोफाही. बदलापूरकडे यातलं काही नाही. बदलापूरकडे गाडी आहे.

आणि भांडण त्या गाडीचंच आहे. बदलापूर लोकल बदलापूरहून सुटते. तेव्हा ती बदलापूरकरांची, हा बदलापूरचा सिद्धांत. सिद्धांत निर्दोष आहे. त्यात खोट एवढीच की बदलापूरहून सुटण्याआधी ती गाडी मुंबईहून बदलापूरला यावी लागते, आणि येताना ती उल्हासनगर व अंबरनाथवरून येते. अंबरनाथच्या माणसाला मुंबईला जायचं असतं पश्चिमेकडे. तो फलाटावर उभा राहून शांतपणे पूर्वेकडे जाणारी गाडी पकडतो. रिकाम्या डब्यात खिडकी धरतो, बॅग वर टाकतो, रुमाल तोंडावर घेतो आणि डोळे मिटून बदलापूरच्या दिशेने कूच करतो. मुंबईला पोचण्यासाठी मुंबईपासून आणखी आठ किलोमीटर लांब जाणं हा विचार किसिंजरलाही सुचला नसता. बरं, हे बेकायदा म्हणावं तर तसंही नाही. त्याने पास बदलापूरपर्यंतचा काढलेला असतो.

गाडी बदलापूरला लागते. फलाटावर शेकडो माणसं दबा धरून. दारं समोर येतात, आत नजर जाते, आणि आत माणसं बसलेली. उतरत कुणीच नाही. या वेळी बदलापूरकराच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला राग म्हणणं कमी पडेल. स्वतःच्या घराचं दार उघडावं आणि आत अनोळखी कुटुंब जेवत बसलेलं दिसावं, तसं काहीतरी असतं ते.

"उतरा की राव, बदलापूर आलं."

"आलं ना. आम्ही परत चाललोय."

"कुठून बसलात?"

"पास आहे बदलापूरचा."

"विचारलं काय, सांगता काय!"

यात उल्हासनगरचा माणूस कधीच बोलत नाही. तो कोपऱ्यात बसून हिशेबाची वही बघत असतो. अंबरनाथ आणि बदलापूर एकमेकांशी भांडत आहेत तोवर आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, हे त्याला कॅम्पमध्ये वाढल्यामुळे उपजत कळतं. डिप्लोमसीत याच कारणासाठी इंग्लंड आणि तुर्कस्तानला कोपऱ्यातल्या सत्ता म्हणून भाव असतो.

आता खेळाचे नियम पडताळून पाहा. कॅलहॅमरने लिहिलंय की सगळ्यांचे हुकूम एकाच क्षणी उघडावेत. आपल्याकडे तो क्षण गाडी थांबण्याच्या जरा आधी येतो. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर बोलणी झालेली असतात. 'उद्या इंजिनाकडून तिसरा', 'मामा सुट्टीवर, एक जागा मोकळी', 'नवीन माणसाला सांगू नका'. या ग्रुपांची नावं गाड्यांच्या वेळांवरून असतात, कारण इथे गाडीला नाव नसतं, वेळ असते. प्रत्येकाने मनाशी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं आणि ते वचनाशी जुळतंच असं नाही. गाडी फलाटात शिरते आणि सगळे कागद उघडतात.

नियम दुसरा. सारख्या बळाच्या दोन फौजा एकाच जागेत घुसल्या तर दोघीही बाहेरच राहतात. युरोपात हे पटावर समजावून सांगावं लागतं. इथे दारात दोन सुदृढ गृहस्थ पोटाला पोट लावून अडकलेले दिसतात आणि मधून शाळेतलं एखादं पोरगं वाकून आत जाऊन खिडकीत बसतं. त्यावर उपाय म्हणजे टेकू. मागून ज्याला दोन माणसं रेटतात, तो ज्याला एकच रेटतो त्याच्यावर मात करतो. आणि समोरच्याचा टेकू तोडायचा असेल तर त्याच्या मागच्या माणसाला गुंतवावं लागतं. हे काम आमच्या ग्रुपात एक काका करतात. काका निवृत्त आहेत, त्यांना कुठेच जायचं नसतं, पण सवयीने येतात. ऐन वेळी ते दुसऱ्या टोळीतल्या रेटणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, "अहो, ही ठाण्याला थांबेल ना?" बदलापूर लोकल ठाण्याला थांबेल का, हा प्रश्न इतका बिनबुडाचा आहे की ऐकणारा क्षणभर खरोखर विचारात पडतो. तेवढ्यात आमचे तिघे आत.

चौथ्या सीटवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिच्यावर पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याचा एक भाग भारतीय रेल्वेच्या मालमत्तेवर असतो आणि उरलेला अधांतरी. दोन मोठ्या सत्तांच्या मधे बेल्जियमसारखा एखादा देश राहतो तो त्या दोघांच्या सोयीसाठी, तशी ही जागा राहते. आतल्या तिघांना उभ्या गर्दीपासून कुंपण हवं असतं, उभ्या गर्दीला आतल्या सीटकडे जायची वाट हवी असते. चौथ्याच्या तहात एकच कलम, 'सरका जरा', आणि त्याची अंमलबजावणी दर स्टेशनला नव्याने. आतल्यांपैकी कुणी डुलकीत पसरला की बेल्जियम गेलंच. पण हाच चौथा डोंबिवली गेल्यावर तिसरा होतो, आणि तिसरा झाला की त्याचं परराष्ट्र धोरण असं काही पालटतं की चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाकडे तो बघतसुद्धा नाही. मघाशी 'माणुसकी म्हणून सरका हो' म्हणणारा हाच. आता तो म्हणतो, "तीन जणांची सीट आहे ही."

बसलेल्याने ठाण्याला किंवा घाटकोपरला उठून आपल्या ग्रुपातल्या उभ्या माणसाला जागा द्यायची, हा पुरुषांच्या डब्यातला जुना करार. लिहिलेला कुठे नाही. महिलांच्या डब्यातली व्यवस्था याच्या शंभर वर्षं पुढे आहे. तिथे चढल्या चढल्या प्रत्येक बसलेलीला विचारतात, "कुठे उतरणार?" 'मुलुंड' असं उत्तर आलं की मुलुंडची ती जागा विचारणारीची झाली. तिच्या नंतर येणारीला सांगितलं जातं, "ह्यांची मी घेतलीये. त्या निळ्या साडीतल्या भांडुप आहेत, त्यांना विचारा." बायको मला सांगते तेव्हा मी ऐकतच राहतो. शेअर बाजारात पुढच्या महिन्याचा सौदा आज करतात, तसा हा व्यवहार आहे आणि त्यात कागद नाही, दलाल नाही. मुलुंड सांगून भांडुपपर्यंत बसून राहणाऱ्या बाईचं काय होतं, हे मी विचारलं होतं. बायको म्हणाली, "तसं कुणी करत नाही." पुढे म्हणाली, "एकीने केलं होतं. ती आता पुढच्या डब्यातून जाते."

या तिन्ही गावांना एकत्र आणायचं असेल तर चौथा शत्रू लागतो. रोजचा शत्रू म्हणजे कर्जत. सकाळी कर्जतहून येणारी गाडी वांगणी-नेरळची माणसं भरून बदलापुरात शिरते तेव्हा बदलापूरकराला अचानक रिकाम्या गाडीचा हक्क वगैरे सिद्धांत आठवेनासे होतात. तिथे तोच घुसखोर. संध्याकाळी उलटं. सीएसएमटीहून सुटलेल्या कर्जत गाडीच्या दारात उभा असलेला बदलापूरकर ठाण्याला चढणाऱ्याला विचारतो, "कुठे, डोंबिवली? मग ही गाडी कशाला?" सकाळी त्याला जे कर्जतवाले म्हणाले तेच तो संध्याकाळी डोंबिवलीकराला ऐकवतो, शब्दांत फरक न करता.

मोठी आघाडी झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या आल्या आणि पासवाल्यांनी फलाटावर डोळे चोळले. दारं आपोआप लागणारी गाडी म्हणजे लटकण्याचा मूलभूत हक्कच गेला. कळव्यात लोक निषेधाला उतरले, बदलापुरात उतरले, आणि शेवटी मध्य रेल्वेने दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. त्या दिवसांत अंबरनाथकर आणि बदलापूरकर एकमेकांना वडापाव देताना दिसले. फेऱ्या मागे घेतल्याची बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा "उतरा की राव, बदलापूर आलं."

डब्यात जे चालतं ते पालिकेत चालणार नाही असं मानणारा माणूस या भागातला नसावा. अंबरनाथ नगरपरिषदेच्या डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत शिंदे यांच्या शिवसेनेला २७ जागा, भाजपला १४, काँग्रेसला १२, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४. नगराध्यक्षपद थेट निवडणुकीत भाजपकडे गेलेलं. डिप्लोमसी खेळलेल्या कुठल्याही पोराला हे आकडे दाखवा, तो सांगेल की १७ ठाणी हातात असलेल्या खेळाडूसारखी अवस्था २७ वाल्याची आहे. एका हाताच्या अंतरावर विजय, आणि म्हणूनच बाकी सगळ्यांचा एकमेव शत्रू. राज्यात मांडीला मांडी लावून बसलेले शिवसेना आणि भाजप इथे समोरासमोर आले, आणि भाजप, काँग्रेस व राष्ट्रवादी यांची 'अंबरनाथ विकास आघाडी' झाली. भाजप आणि काँग्रेस एका बाकावर! मुंबई-दिल्लीत दोन्हीकडच्या वरिष्ठांचे चहाचे कप हिंदकळले. काँग्रेसने आपल्या बाराही जणांना निलंबित केलं. ते बाराही जण भाजपमध्ये गेले. तेवढ्यात राष्ट्रवादीच्या चौघांनी जागा बदलली आणि ते शिवसेनेच्या बाकावर जाऊन बसले. बोर्डमनच्या टपालात एवढ्या चालींना वर्ष लागलं असतं. अंबरनाथने जानेवारी २०२६ च्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं.

उल्हासनगर यात मागे नाही, उलट वडीलधारं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे महापौरपदासाठी संख्या भाजपकडे होती. त्यांच्यासोबतच्या कलानी गटाचे नगरसेवक पलीकडे वळले आणि शिवसेनेच्या लीलाबाई आशान महापौर झाल्या. डिप्लोमसीत याला सुरीचा एक घाव म्हणतात. उल्हासनगरात याला सर्वसाधारण सभा म्हणतात.

एकदा डोंबिवली ते ठाण्याच्या दरम्यान मी आमच्या ग्रुपला या खेळाचे नियम समजावून सांगितले. भाच्याने पुण्याहून पट आणलेला होता आणि मला खेळाडू हवे होते. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवून ऐकलं, हे विशेष. सगळं सांगून झाल्यावर आमच्या ग्रुपातले भजनी बुवा म्हणाले, "म्हणजे शब्द द्यायचा, मोडायचा, आणि शेवटी एक जण जिंकतो?"

"हो."

"आणि मग?"

"मग डाव संपला."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी काही नाही. खेळ संपला ना."

बुवांनी पत्ते उचलले. "मग मोडायला काय जातंय," ते म्हणाले आणि हुकमाची राणी टाकली.

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं म्हणणं आमच्या डोळ्यांसमोर घडलेलं होतं. ग्रुपातल्या एका गृहस्थांनी ठाण्याला ठरलेली जागा उभ्या माणसाला न देता, त्या दिवशी नेमक्या डब्यात आलेल्या आपल्या साहेबांना दिली. कुणी भांडलं नाही. शिवी नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा नेहमीप्रमाणे हसून सगळ्यांनी 'या या' केलं. फक्त सरकलं कुणी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रसाद वाटला तेव्हा त्यांना पेढा मिळाला, दसऱ्याला डब्याला तोरणं बांधली तेव्हा त्यांच्याकडून वर्गणीही घेतली, पण बाकावर चार इंच काही निघाले नाहीत. कॅलहॅमरच्या नियमपुस्तकात या चालीला नाव नाही. शेवटी त्या गृहस्थांनी एक दिवस साहेबांना सीट नाकारल्याचं सर्वांदेखत जाहीर केलं. ते साहेब त्या वेळी बंगळुरूला बदलून गेलेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही बुवा किंचित सरकले. चौथी सीट, तात्पुरती.

सध्या आघाडीवर हालचाल आहे ती एका नव्या ठाण्यामुळे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोली नावाचं स्टेशन येतंय. सुरू होईल तेव्हा होईल, पण तिथे फ्लॅट घेतलेल्यांना आत्ताच दोन्हीकडच्या ग्रुपांवर घेतलं जातंय. अंबरनाथकर त्यांना सांगतात, तुम्ही आमचेच, उलटं बसून कसं यायचं ते आम्ही शिकवू. बदलापूरकर सांगतात, तुम्ही बदलापूरच्या अलीकडचे, तुमचं हित रिकाम्या गाडीत आहे, त्या अंबरनाथवाल्यांच्या नादी लागू नका. परवा असाच एक तरुण, नुकतीच चिखलोलीत किल्ली घेतलेला, आमच्या बाकाशी उभा होता. काकांनी आपुलकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मग, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

तो हसला. म्हणाला, "काका, मी तुमच्यामागे आहे ना."

बुवांनी पत्त्यांतून मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्याला बसवा रे. हा पुढे जाणार."